ब्लॉगचा विषय ठरवताना आवडीआधी आवक बघा

ब्लॉग सुरू करणाऱ्याला सगळे एकच सांगतात, आवडीचा विषय घ्या. सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. आवडीच्या जोरावर पहिले आठ-दहा लेख निघतात, कारण ते डोक्यात आधीपासून साठलेले असतात. साठा संपला की महिना-दोन महिने काही सुचत नाही, मग दिवाळीच्या शुभेच्छांची एक पोस्ट पडते आणि गाडी तिथेच थांबते.

वाशीच्या घाऊक बाजारातला व्यापारी गाळा उघडताना 'मला आंबा आवडतो का' असं स्वतःला विचारत नाही. आज किती गाड्या लागल्या आणि उद्या किती लागतील, हे विचारतो. ब्लॉगचा विषयही तसाच जोखावा. आवक म्हणजे मुद्दाम शोधायला न जाता दर महिन्याला तुमच्यापर्यंत येणारा नवा मजकूर. ती तीन वाटांनी येते: नोकरी-धंद्यातून, रोजच्या किंवा रविवारच्या फिरण्यातून, आणि लोक तुम्हाला जे विचारतात त्यातून. तिसऱ्या वाटेकडे कुणाचं लक्ष जात नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, नातेवाइकांच्या फोनवर, डबा खाताना लोक इतर कुणाला न विचारता तुम्हालाच काय विचारतात, ते महिनाभर टिपून ठेवा. प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. 'कन्व्हेयन्स नसेल तर बिल्डिंग पाडता येते का हो?' हे वाक्य 'सहकारी गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास' या मथळ्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे.

महिना झाला की एक कोरा कागद घ्या आणि एका बैठकीत तीस मथळे लिहा. विषय नव्हे, मथळे. 'पक्षी' चालणार नाही. 'नेरूळच्या तळ्यावर फ्लेमिंगो बघायला भरतीला जायचं की ओहोटीला?' चालेल. बारा-पंधराच्या आसपास हात अडतो. तिथे उठायचं नाही, कारण त्याच्या पुढचे मथळेच विषयाची खोली दाखवतात. तीस होतच नसतील तर विषय एका लेखाचा आहे, ब्लॉगचा नाही. लेख लिहून मोकळे व्हा.

आता प्रत्येक मथळ्यापुढे एक अक्षर टाका. माहिती घरबसल्या दुसऱ्यांचं वाचून मिळणार असेल तर 'घ', जागेवर जाऊन बघावं लागणार असेल तर 'ज', कुणाला तरी विचारावं लागणार असेल तर 'व'. अर्ध्याहून जास्त 'घ' आले तर थांबा. तो ब्लॉग दुसरा कुणीही, आणि आता यंत्रसुद्धा, तुमच्याआधी लिहून टाकेल. 'ज' आणि 'व' मिळून वीस तरी हवेत, आणि त्यातले बरेचसे घरापासून तासाभराच्या अंतरात. अंतराची ही अट कंटाळवाणी वाटते, पण खरी गळती तिथेच होते. ठाण्यात राहून सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा ब्लॉग चालवायचा तर दर लेखामागे एक अख्खा शनिवार-रविवार जातो, आणि पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, लग्नसराईत तो हाती लागत नाही. उलट ठाण्यातलाच येऊरचा डोंगर उपवन तलावाच्या डोक्यावरच आहे, पहाटे निघून नाश्त्याला घरी येता येतं.

तीस मथळ्यांमधून दिशा कशी निघते हे एका उदाहरणावर बघू. समजा विषय ठाण्याची खाडी.

फ्लेमिंगोंमुळे तिच्याकडे लोकांचं लक्ष आहेच. २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. ही माहिती शंभर ठिकाणी आहे, म्हणजे 'घ'. तिच्यावर ब्लॉग उभा राहत नाही. उभा राहतो तो पाण्याच्या वेळेवर. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि पक्षी तिथे पसरून चरतात. भरतीला चिखल बुडतो, तेव्हा ते नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर येऊन बसतात. काठावरून जवळून बघायचे असतील तर भरतीच्या सुमाराला तळं गाठायचं. सकाळी सातला पोहोचून 'पक्षी नव्हतेच' म्हणत परतणारा माणूस बहुतेक वेळा ओहोटीला गेलेला असतो.

मग भरतीची वेळ काढायची कशी? किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा. दिवसाला भरती दोनदा येते, म्हणून पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन दोन्ही धरायचे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल जमलेली वेळ आठवड्याने उपयोगाची नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. शिवाय हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा; खाडीत आत, ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. किती वेळ? इथे तुमचा ब्लॉग सुरू होतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ आणि वाशीच्या पुलाजवळ पाणी खरोखर फिरल्याची वेळ, यांतला फरक उधाणाला दोनदा, भांगाला दोनदा घड्याळ लावून टिपला, तर सहसा कुठे लिहिलेली नसलेली गोष्ट तुमच्याकडे असेल.

वर्षाचं गणितही बसतं. नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो. पावसाळ्यात तिवरांच्या बिया पाण्यावर पडून रुजतात. श्रावणात नारळी पौर्णिमा, तेव्हा चेंदणी कोळीवाड्यात आणि दिवाळे गावात जाऊन विचारायच्या गोष्टी: जाळ्यात आता काय येतं, पूर्वी काय येत होतं, निवटे आणि चिंबोऱ्या कुठे मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून इतर पाणपक्षी परतू लागतात. आवक बारमाही, जायला लोकल पुरे.

पण 'ठाण्याची खाडी' ही अजून जागाच झाली. दिशा ठरते ती एका वाक्यात, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी लागतात: कुणासाठी, कुठल्या हद्दीत, वाचून त्याला काय करता येईल. 'दुर्बीण नसलेल्या, लहान मुलं सोबत असलेल्या माणसाला ठाणे ते बेलापूर खाडीकाठावर कधी आणि कुठे जायचं ते कळावं.' हे वाक्य लिहिलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. कॅमेऱ्याच्या भिंगांची चर्चा बाद. शास्त्रीय नावं एकदाच, कंसात. स्टेशनपासून रिक्षा मिळते का, सावली आहे का, स्वच्छतागृह कुठे, हे प्रत्येक लेखात. वाक्यात 'सर्वांसाठी' आलं तर वाक्य पुन्हा लिहा.

त्याच कागदाच्या मागे 'हे लिहिणार नाही' अशी चार-पाच नावं लिहावीत. ही यादी पहिल्या यादीपेक्षा जास्त कामाला येते, पण करत कुणी नाही. मन मोडायचं नसेल तर पाच लेखांत एक अवांतर चालतो, त्याहून जास्त नाही.

काही विषय ठाणे-नवी मुंबई भागात वारंवार निवडले जातात, त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. खाण्याच्या जागा: आवक भरपूर, पण माल नाशवंत. भाव बदलतात, गाडी उठते, हात बदलतो. सहा महिन्यांनी जुना लेख खोटा ठरतो. दर लेखावर 'कधी खाल्लं' ती तारीख घालायची आणि वर्षातून एकदा सगळ्यांची फेरी मारायची तयारी असेल तरच घ्या. ठाण्याचा इतिहास: १६ एप्रिल १८५३ ची पहिली आगगाडी, मासुंदा तलाव, कौपीनेश्वर मंदिर, हे इतक्यांनी लिहिलं आहे की त्यात तुमची भर शून्य. मात्र १८९३ सालापासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय गावातच आहे. तिथे बसून एकाच रस्त्याचा किंवा एकाच तलावाचा माग काढणारा ब्लॉग वेगळा होईल. पुनर्विकास: नौपाड्यात रोज कुणीतरी विचारतंय, मागणी प्रचंड. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश मुळातून वाचा, सभांचा आणि निविदांचा क्रम सांगा, आणि वकील नसाल तर 'तुम्ही असं करा' हे लिहू नका. क्रम सांगणं आणि सल्ला देणं यांतली रेघ ओलांडली की एखादा सभासद तुमचा लेख छापून थेट सभेत उभा राहतो.

सगळ्यात श्रीमंत विषय मात्र नवी मुंबईतल्या गावठाणांकडे पडून आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. सेक्टरांचे आकडे त्यानंतर आले, घणसोली, गोठिवली, तुर्भे, कोपरखैरणे ही गावं आधीची. आगरी-कोळी घरात तुमचा जन्म असेल तर तुमच्या आजीला विचारायला बाहेरच्या माणसाला दहा ओळखी लागतात, तुम्हाला एकही नाही. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणी घ्या. कोणता धवला कोणत्या विधीला, कुणी म्हटला, कोणत्या गावात, शब्द गावागावात कुठे बदलतात. रेकॉर्ड करण्याआधी परवानगी, नाव छापायचं की नाही तेही विचारायचं, शब्द बोलले तसेच लिहायचे, प्रमाण मराठीत ओढायचे नाहीत, अर्थ खाली वेगळा. हळदीच्या रात्री डीजेच्या आवाजात रेकॉर्डिंग होत नाही. दुसऱ्या एखाद्या दुपारी घरी बसून म्हणवून घ्यावं. अशा ब्लॉगला वाचक कमी मिळतील, पण दहा वर्षांनीही तो कुणीतरी शोधत येईल.

ब्लॉगचं नाव विषयापेक्षा थोडं रुंद ठेवा. नावात सेक्टरचा आकडा किंवा एकाच पक्ष्याचं नाव घातलं की पुढे सरकायला जागा राहत नाही. पहिला लेख प्रसिद्ध करण्याआधी चार लेख पूर्ण तयार हवेत, आणि वेग महिन्याला दोन. आठवड्याला एक म्हणणारे तिसऱ्या महिन्यात 'घ' लिहायला लागतात.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेत एक खोड आहे. शीर्षक नुसतं देवनागरीत असेल तर दुवा 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा, असा बनतो. त्यावरून काहीच कळत नाही. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात, रोमन अक्षरांत तीन-चार शब्दांचा दुवा स्वतः टाका. नंतर बदलायचा तर लेख परत मसुद्यात न्यावा लागतो आणि आधी वाटलेले दुवे तुटतात. वर्डप्रेसवर देवनागरी दुवा बनतो खरा, पण व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि लोक त्यावर बोट ठेवायला बिचकतात. उपाय तोच. लेबलं पाच-सहाच ठेवा आणि आधी ठरवा. 'पक्षी', 'पक्षीनिरीक्षण', 'खाडीतले पक्षी' अशी तीन झाली की एकाखाली तीन-तीन लेख पडतात आणि तुम्हालाही दिशा दिसेनाशी होते. शीर्षकात गावाचं नाव एकदा तरी मूळ रूपात यावं: 'ठाण्यातल्या'सोबत कुठेतरी 'ठाणे', कारण शोधणारा तेच टंकतो.

बारा लेख झाल्यावर गूगल सर्च कन्सोल उघडा. आधी नाही, तोवरचे आकडे नुसते हेलकावे असतात. तिथे लोक काय टंकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. लेख खूपदा दिसतोय पण क्लिक नाहीत, तर बहुधा शीर्षक चुकलंय. ज्या प्रश्नावर तुमचा लेखच नाही तो प्रश्न यादीत दिसला, तर पुढचा मथळा मिळाला. ही माहिती सोळा महिन्यांचीच राहते, म्हणून वर्षातून एकदा उतरवून ठेवा.

इथे एक सापळा आहे. खाडीच्या ब्लॉगवर कुणी सहज 'ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक' टाकतं आणि तोच लेख बाकी सगळ्यांच्या दसपट वाचला जातो. मग आणखी वेळापत्रकं टाकावीशी वाटतात. तो वाचक गाडी पकडतो आणि जातो, दुसरा लेख उघडत नाही. एका लेखावरून दुसऱ्यावर कोण गेलं आणि टिप्पणीत पुढचा प्रश्न कुणी विचारला, दिशा त्यांच्याकडे बघून ठरवा. विचारणारे तिघेच असले तरी चालेल.

दिशा बदललीच तर जुने लेख पुसू नका. त्यांना 'जुनं' असं एक लेबल लावून मुख्य यादीतून काढा, दुवे चालू राहू द्या, आणि ब्लॉगच्या परिचयातलं ते एक वाक्य त्याच दिवशी बदला.