कडक भाकरी

47 व्या वर्षी पोहायला शिकले ते हौस म्हणून नव्हे. गुडघे बोलायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, तिथं अंगाचा भार गुडघ्यांवर पडत नाही. मी म्हटलं, पोहता येत नाही. ते म्हणाले, मग शिका. त्यांचं काय जातंय!

मी गणवेश शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सोलापुरात हा धंदा मोठा, आणि शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून एप्रिल-मे म्हणजे आमची लगीनघाई. 19 वर्षं त्याच हॉलमध्ये काढलीत. पाठमोरी असले तरी कुठल्या मशीनचा धागा तुटलाय ते आवाजावरून सांगते. पोरी मला विचारल्याशिवाय बॉबिनसुद्धा बदलत नाहीत. हे सांगते कारण सकाळी सहाच्या लेडीज बॅचमध्ये याचा काडीचाही उपयोग नव्हता.

पहिल्या टँकवर तर दोनच दिवस टिकले. तिथला माणूस म्हणाला, "या वयात कशाला काकू, कठडा धरून चाला नुसतं." फी परत मिळाली नाही. दुसरीकडे शिकवणारी पोरगी होती, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिला मॅडम म्हणताना पहिले चार दिवस जीभ अडखळायची.

घरात नवऱ्याला तेवढं माहीत होतं. गल्लीत सांगितलं, सकाळी सिद्धेश्वराला जाते. देवाच्या नावावर खोटं बोलले खरी, पण अगदीच खोटं म्हणवत नाही. त्या देवळाच्या चारी बाजूंना पाणीच आहे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात ते तळं खोदवलं, आणि लहानपणापासून दर गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, मी त्या पाण्याकडे काठावरूनच बघत आलेय. कारखान्यात पोरी विचारायच्या, "मॅडम, रोज केस धुता?"

पहिला धडा बुडबुड्यांचा. तोंड पाण्यात घालायचं आणि श्वास सोडायचा. बस. डोक्याला पाच मिनिटांत कळलं, पण अंग काही तयार होईना. नाकाला पाणी लागलं की मी घोड्यासारखी मान झटकून वर. शेजारी एक सात वर्षांचा पोरगा आईबरोबर यायचा. चौथ्या दिवशी तो पाय मारत टँकच्या निम्म्यात गेला, परत आला आणि म्हणाला, "आजी, तुमचं अजून बुडबुडेच?" आजी! मी हसले, आणि घरी येऊन चहात साखर कमी म्हणून नवऱ्यावर ओरडले.

त्या पोरावरून मला आमची विहीर आठवायची. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. वडिलांनी धाकट्या भावाला तिथं पोहायला शिकवलं. तोंड झाळून बंद केलेला तेलाचा पत्र्याचा डबा त्याच्या पाठीला बांधायचा, दुसरा दोर वडिलांच्या हातात. दोर काचून त्याच्या छातीवर लाल वळ उठायचे आणि तो ते गावभर मिरवायचा. मी पायरीवर त्याचे कपडे सांभाळत बसायचे. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. तसा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही. त्याचा राग 40 वर्षांनी, क्लोरीनच्या वासात, आला. राग कुणावर काढायचा तेच कळेना. वडील तर कधीच गेले.

तरंगायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. पाठीवर आडवं व्हायचं, कान पाण्यात, डोळे वर. मी आडवी व्हायचे आणि लगेच पाय कुठं आहेत ते बघायला मान उचलायचे. मान वर आली की पाय खाली जाणारच. मॅडम म्हणाल्या, "काकू, कडक भाकरी झालाय बघा! अंग सैल सोडा."

हे वाक्य ऐकून मी उभीच राहिले. कारण हे माझं वाक्य. नवीन पोरगी मशीनवर बसली की तिचे खांदे कानाला लागतात, कापड ती दोन्ही हातांनी ओढत राहते आणि शिलाई नागमोडी जाते. मी म्हणते, "हात सैल सोड गं, मशीन नेतंय की कापड." 19 वर्षं म्हणतेय. सांगून सैल होता येत नाही, हे तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. कडक काय मुद्दाम होतं माणूस?

मॅडमनी मग बोलणं सोडून दिलं. मानेखाली दोन बोटं ठेवली. उचलून धरलं नाही, नुसती टेकवलेली. श्वास भरून घ्यायला सांगितलं. बाराव्या दिवशी ती बोटं कधी काढली ते मला कळलंच नाही. छतावरचे पत्रे मोजत होते, नऊपर्यंत आले, आणि मग कळलं. कळल्याबरोबर बुडाले, पाणी प्याले, ती गोष्ट वेगळी.

त्या आठवड्यात कॉलरवर एक नवीन पोरगी होती. ओरडायच्या ऐवजी मी तिच्या कोपराखाली हात ठेवून उभी राहिले. शिलाई त्या दिवशीही वाकडीच आली. पोरगी घाबरली मात्र, म्हणाली, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

मध्ये सीझनमुळे आठ दिवस खाडा झाला आणि बुडबुड्यांपासून पुन्हा सुरुवात. जूनपर्यंत टँकची रुंदी पार करता यायला लागली. लांबी अजून नाही, श्वास मध्येच संपतो. पोरगा आता सूर मारतो.

भावाला फोन केला. तो आधी हसला, मग गप्प झाला. मी म्हटलं, दिवाळीला येते, विहिरीत उतरते. म्हणाला, "अक्का, पाणी कुठंय आता, तळ दिसतो नुसता. डबा आहे बघ मात्र माळ्यावर, गंजलाय."

म्हटलं, "टाकू नकोस."