अठ्ठेचाळीस खुंट्या

अलास्का, फेअरबँक्सजवळचं जंगल. आज दिवसभरात स्टीलच्या ४८ खुंट्या ठोकल्या, दर दोन मीटरवर एक. हेच आमचं भूभौतिकी, म्हणजे न खणता जमिनीच्या पोटात काय आहे ते शोधणं!

आधी सळई खुपसून पाहिली. अर्धा मीटर लोण्यासारखी गेली आणि खट्! खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. खुंट्यांमधून वीज सोडायची नि जमीन ती किती अडवते ते मोजायचं. बर्फ खूप अडवतो, वितळलेला चिखल कमी. एवढंच तत्त्व, पण कोरड्या शेवाळात खुंटीला संपर्कच मिळेना. मग तुळशीला घालावं तसं प्रत्येकीला मिठाचं पाणी घालत फिरलो. डास तर इतके, की डब्यातल्या भातात दोन-चार गेलेच असतील. (शाकाहार मोडला, आजीला सांगू नका.)

खालचा बर्फ वितळला की वरची जमीन खचते आणि स्प्रूसची झाडं वाकडीतिकडी कलतात. अशा रानाला इथे ‘झिंगलेलं जंगल’ म्हणतात. आमच्या आलेखात रोधकता, म्हणजे जमिनीची वीज अडवण्याची ताकद, नेमकी त्या झाडांखालीच घसरलेली दिसली, तेव्हा सगळे ओरडलोच.

रात्री दहाला आईचा फोन. तिकडे साताऱ्यात दुसऱ्या दिवसाचे साडेअकरा. "झोपला नाहीस अजून?"

"अगं, ऊन आहे."