पंच्याहत्तर मिनिटांची पाटी

ओरलँडोच्या सहलीचा हिशोब जावईबापूंनी दोन महिने आधीच मांडून ठेवला होता. तिथल्या युनिव्हर्सल या राइड्सच्या पार्कवाल्यांच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक किंवा रॉयल पॅसिफिक या हॉटेलांत उतरलं, की खोलीतल्या प्रत्येकाला राइडची रांग चुकवायचा एक्स्प्रेस पास फुकट. त्यातली खरी मेख अशी, की तो आल्या दिवशीही चालतो आणि खोली सोडायच्या दिवशीही. म्हणजे एका रात्रीचं भाडं, दोन दिवसांची चैन. चौघांचे सुटे पास घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं म्हणे. ‘फुकट’ हा शब्द इतका महाग मी पहिल्यांदाच ऐकला. शिवाय बचत पुरी व्हावी म्हणून सासू-सासरे, लेक आणि जावई एकाच खोलीत. माझ्या घोरण्याचा खर्च मात्र हिशोबात कुणी धरला नव्हता.

खोली दुपारी मिळते, पास सकाळीच. लॉबीतल्या यंत्रापुढे उभं राहून फोटो काढला. आधार कार्डावर आहे तसाच आला.

पहिल्याच राइडच्या दारात पाटी होती : ७५ मिनिटं. डाव्या हाताला घामाघूम माणसं, कडेवर पेंगुळलेली मुलं. आम्ही उजवीकडून निघालो. आधी मान खाली घालून. लालबागला तासन्‌तास ताटकळताना बाजूच्या दारातून आत शिरणाऱ्यांना आपण काय काय म्हणतो, ते सगळं आठवत होतं. दुसऱ्या राइडला मान वर आली. चौथीला तर मी आधी पाटी वाचायला लागलो. वीस मिनिटं दिसली की चक्क निराशा व्हायची. एवढ्यासाठी पास कशाला वापरायचा! राइडमध्ये डोळे मिटूनच बसायचो, मजा सगळी त्या पाटीतच होती.

लेक सांगत होती, डिस्नेत हे प्रकरण १९९९ला सुरू झालं तेव्हा खरंच फुकट होतं आणि सगळ्यांना होतं. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, त्यावरच्या वेळेला परत यायचं. २०२१पासून पैसे पडतात. आता त्याला लायटनिंग लेन म्हणतात, आणि डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी वेळ धरता येते, बाकीच्यांना तीन दिवस. म्हणजे पैसे मोजून रांग चुकवणाऱ्यांतही पुन्हा पुढचे-मागचे आहेतच.

तिसऱ्या दिवशी हॉटेल संपलं, पासही संपला. दुसऱ्या एका पार्कात आम्ही साध्या रांगेत. बाजूने एक कुटुंब आइस्क्रीम चाटत सरळ पुढे गेलं.

“काही रीतभात आहे की नाही या लोकांना?” मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

“काल आपणच नव्हतो का?” ही म्हणाली.

मी तिच्याकडे चिक्की मागितली.