बाळ नाशकात, नाव सुरगाण्यात: माझा अनुभव

सगळ्यात महत्त्वाचं आधीच लिहिते. आशाताईंची घरभेट आणि अंगणवाडीतलं नाव या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक आरोग्य विभागाची, दुसरी महिला व बालविकासची. अंगणवाडीतलं नाव दुसऱ्या गावात अडकलेलं असलं, तरी आशाताई तुमच्या घरी येऊ शकतात. हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही आणि माझ्या मुलीचं ज्या वयात वजन भरायला हवं होतं, ते वय चकरा मारण्यात गेलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

हे नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत कामाला. आमची भाड्याची खोली चुंचाळ्याच्या बाजूला, माझं माहेर सुरगाणा तालुक्यात. उलट्यांनी बेजार झाले म्हणून तिसऱ्या महिन्यातच आईकडे गेले, नोंदणी तिथल्याच अंगणवाडीत झाली. मुलगी झाली ती २ किलो १०० ग्रॅमची. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

माहेरच्या आशाताईंनी ते ठेवलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, म्हणून कुणी दारात येणं हाच तिला आधार असतो. ताई पावसातही आल्या. बाळाला झोळीच्या काट्यात तोलायच्या, काखेत थर्मामीटर लावायच्या, घड्याळ बघून श्वास मोजायच्या. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. बाळाला उघडं करून माझ्या छातीशी कसं धरायचं, वरून लुगडं कसं गुंडाळायचं, हे त्यांनी आईलाही शिकवलं. घरी येऊन बाळ तपासायची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातूनच देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले, ते संशोधन १९९९ मध्ये छापून आलं आणि २०११ पासून सरकारने आशांमार्फत या घरभेटी सुरू केल्या. आमच्या ताईंना हे सगळं माहीत होतं आणि त्या ते अभिमानाने सांगायच्या.

माहेरी अमृत आहारही मिळत होता. आदिवासी भागात गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून एक वेळचं गरम जेवण मिळतं. पाचव्या महिन्यात नाशिकला परतताना मुलगी ५ किलो ६०० ग्रॅमची होती आणि लसीच्या कार्डावरच्या आलेखात हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्यात होती.

अडलं ते इथे येऊन.

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार सुरू होतो. म्हणून मी जवळच्या अंगणवाडीत गेले. सेविकाताई चांगल्या होत्या. त्यांनी माझा आधार नंबर पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये टाकला, तर नाव आधीच सुरगाण्यात दिसलं. नवीन नोंद होईना. तिकडून नाव इकडे आलं पाहिजे, म्हणाल्या. गावच्या सेविकाताईंना फोन केला. त्यांच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर, तीही लागली तर. त्यांनी त्यांच्याकडून केलं. इकडे दिसेना. मग ओटीपी हवा. माझ्या आधारला नंबर वडिलांचा जोडलेला, आणि वडील द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे मळ्यात. ते फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. तेही जमलं एकदाचं, तर पुढे चेहऱ्याची ओळख. आधारवरचा माझा फोटो नववीतला, दोन वेण्यांचा. मशीन म्हणे जुळत नाही.

सेविकाताईंनी मला त्यांच्या वरच्या कार्यालयात पाठवलं. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण तिथली ती खिडकी मला पाठ आहे. आतल्या गृहस्थांनी कागद न बघताच सांगितलं, "नाव सुरगाण्यात आहे ना, मग लाभ सुरगाण्यातच घ्या." मी विचारलं, बाळ इथे असताना आहार तिथे कसा घेऊ? तर म्हणाले, साइटवर येईल तेव्हा येईल. पुढच्या वेळी सांगितलं, मॅडम मीटिंगला. त्याच्या पुढच्या वेळी सर्व्हर बंद. कडेवर बाळ, पिशवीत दुपटी, रिक्षाचं भाडं, आणि दर वेळी तेच उत्तर. मी हेही विचारलं की गावाला आशाताई घरी येऊन वजन करायच्या, इथे कोण येणार? त्यावर ते ठामपणे म्हणाले, "आधी नाव ट्रान्सफर होऊ द्या, मग सगळं आपोआप सुरू होईल." या एका वाक्यामुळे मी वाट बघत बसले.

हे वाक्य साफ चुकीचं होतं. ते कुठल्या वेळी बोललं गेलं, हेही बघा. साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की पुढची मोठी लस थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची. मधल्या काळात लसीच्या निमित्ताने बाळाला कुणी बघत नाही, आणि नेमकं तेव्हाच वरचं अन्न सुरू होतं. जुलाब, सर्दी, रांगताना हाताला लागेल ते तोंडात, सगळं याच काळातलं. म्हणून तर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात आशाच्या आणखी पाच घरभेटी ठरवल्या आहेत. माझ्या मुलीची सहाव्या महिन्याची भेट झालीच नाही.

आठव्या महिन्यात शेजारच्या ओळीतल्या गरोदर मुलीकडे आशाताई आलेल्या दिसल्या. शहरात एका आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं असतात, आणि आमच्या मालकाच्या खोल्या नव्या असल्याने त्यांच्या सर्वेक्षणात नव्हत्या. मी गल्लीतच त्यांना गाठलं. म्हटलं, ताई, माझं नाव गावाला अडकलंय. त्या म्हणाल्या, "मला नाव नको गं, लसीचं कार्ड दाखव."

आत आल्या, जमिनीवर बसल्या. वजन भरलं ६ किलो, ठिपका पिवळ्यात, म्हणजे कमी वजनाच्या पट्ट्यात. मग त्यांनी भांडी उघडून बघितली. आमच्या सगळ्या ओळीत बाळाला वरणाचं पाणी देतात. त्यांनी चमच्यात घेऊन दाखवलं, की चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, वर तेल किंवा तुपाचा थेंब. घरात नागली होतीच, तिची लापशी त्यांनी समोर करून घेतली. पाण्याच्या ड्रमवर झाकण नव्हतं, ते आणायला लावलं. ओआरएसची पाकिटं दिली. दवाखान्याच्या टेबलावर बसून माझा ड्रम कुणाला दिसला असता? मला तेव्हा रडू आलं.

मुलगी आता वर्षाची झाली, ७ किलो ३०० ग्रॅम, पुन्हा हिरव्यात.

नावाचं म्हणाल, तर आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर आणि नवा फोटो टाकला, मग पर्यवेक्षिका मॅडमनी अंगणवाडीत बसूनच दोन्हीकडच्या सेविकांना एकाच वेळी फोनवर घेतलं आणि नाव इकडे आलं. म्हणून सांगते, माहेरहून निघायच्या आधी, सेविकाताई समोर असतानाच हे करून घ्या. आधारला स्वतःचा नंबर जोडा, वडिलांचा किंवा दिराचा नको. तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. साधा अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मी अर्ज दिल्यावरच मॅडमपर्यंत गोष्ट गेली. पोषणचा टोल फ्री नंबरही आहे, तिथेही तक्रार नोंदवता येते.

लसीच्या कार्डाच्या आतल्या पानांचे, आलेखासकट, फोनमध्ये फोटो ठेवा. जुनं वजन हातात नसतं, तर माझी मुलगी घसरली हे ताईंना लगेच कळलं नसतं.

नव्या वस्तीत राहायला गेलात तर शहरी आरोग्य केंद्रात जाऊन एवढंच विचारा, "आमची गल्ली कुठल्या आशाताईंकडे येते?" आशा मिळाली की मालकाच्या बाकी खोल्यांतल्या बाळांचीही नावं सांगा. आमच्या ओळीत आता चार घरांत ताई जातात. आणखी एक राहिलं, पहिल्या बाळाच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत येतात, त्यातला २००० चा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावर मिळतो. त्या लसी माहेरीच होणार असतील तर दुसऱ्या हप्त्याचे कागदही तिथेच देऊन मग एसटीत बसा.