कोणतं मेमरी कार्ड घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

"सगळ्यात भरवशाचं मोठं मेमरी कार्ड कोणतं? फार समजावू नका, एकच नाव सांगा." हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता उत्तर एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवेन.

नाव सांगायचं मी टाळतो असा समज आहे. टाळत नाही. कार्डाच्या आतली फ्लॅश मेमरी स्वतः बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत, बाकीचे बहुतेक जण त्यांच्याकडून चिप घेऊन वर आपला शिक्का मारतात. सॅमसंग, सॅनडिस्क, किओक्सिया यांपैकी कुणाचंही, तुमच्या कामाला लागणाऱ्या वर्गाचं कार्ड घ्या. झालं, नावं सांगितली. आता पंचाईत अशी की ज्या नावांवर लोकांचा विश्वास, त्यांचीच नक्कल जास्त होते. त्यामुळे नाव कळून तुमचा प्रश्न सुटत नाही, तो तुमच्या हातात पडलेलं कार्ड खरं आहे का, इथे येऊन थांबतो. आणि ते मला इथे बसून सांगता येत नाही. तुम्हालाच तपासावं लागतं. "तपासायला कुणाला वेळ आहे?" असं म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग जरूर वाचावा.

वर ५१२ जीबी छापलेलं, पण आत ३२ जीबीचीच चिप असलेलं कार्ड कसं वागतं ते नीट समजून घ्या. कारण "माझं कार्ड अचानक खराब झालं" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं कार्ड खराब झालेलंच नसतं. ते पहिल्या दिवसापासून तसंच होतं.

कार्डाच्या आत मेमरीबरोबर एक बारीकसा कंट्रोलर असतो. जागा किती, या प्रश्नाचं उत्तर यंत्राला तो देतो. बनावट कार्डात त्याला खोटं उत्तर पढवून ठेवलेलं असतं, एवढाच काय तो खेळ. फोन, कॅमेरा, संगणक सगळेच त्या उत्तरावर विसंबतात. मोजून कुणी पाहत नाही. म्हणून गुणधर्म उघडले की ४७७ जीबी दिसतात, अगदी अस्सल कार्डात दिसतात तसे. (अस्सल कार्डातही ५१२ दिसत नाहीत. छापील जीबी दशमान हिशेबाचा, विंडोजचा १०२४ च्या पटीतला. २५६ चे २३८ होतात, १ टीबीचे ९३१. यात फसवणूक नाही, आणि हे कृपया पुन्हा विचारू नका.)

पहिले ३२ जीबी बिनबोभाट जातात. फोटो उघडतात, गाणी वाजतात, व्हिडिओ चालतात. फोनमध्ये हळूहळू भरत जाणारं कार्ड असेल तर या सुखात महिनेसुद्धा निघतात, आणि तोवर परत करण्याची मुदत टळून गेलेली असते. खरी जागा संपल्यावर दोनांपैकी एक घडतं. काही कार्डं पुढचा डेटा घेतल्यासारखं करून सरळ टाकून देतात. काही पुन्हा सुरुवातीला येऊन जुन्या डेटावरच नवा लिहितात. दोन्ही प्रकारांत पडद्यावर "कॉपी पूर्ण" असंच येतं, कारण लिहिलेलं परत वाचून ताडून पाहणं हे साध्या कॉपीत होतच नाही.

फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी दिसतं. फोनची गॅलरी तर छोटी चित्रं वेगळी साठवून ठेवते. त्यामुळे फोटो आहे असं डोळ्यांना दिसत राहतं, फक्त त्यावर बोट ठेवलं की करडा चौकोन येतो. आणि या दिसण्यावर विसंबून लोक मूळ प्रत पुसतात. नुकसान होतं ते या क्षणी. पुढे, डेटा फिरून सुरुवातीला येणारं कार्ड असेल तर एक दिवस ती यादीच पुसली जाते आणि "कार्ड फॉरमॅट करावं लागेल" असा संदेश येतो. फॉरमॅट केलं की कार्ड पुन्हा ठणठणीत! कारण झटपट फॉरमॅटमध्ये फक्त सुरुवातीचा थोडासा भाग लिहिला जातो, आणि तेवढी जागा खरी असते. माणूस म्हणतो, सॉफ्टवेअरची काहीतरी गडबड होती, आता बरं झालं. तेच चक्र पुन्हा सुरू.

मग विचारलं जातं: रिकव्हरीने परत मिळेल ना? फोटोरेकसारखी साधनं चिपवर जे उरलंय ते शोधतात. खरोखर खराब झालेल्या किंवा चुकून पुसलेल्या कार्डावर ती चांगलं काम करतात. अट एकच, घटना लक्षात आल्यावर कार्डावर काहीही लिहायचं नाही. पण बनावट कार्डात ३२ जीबीच्या पलीकडचं एकतर कुठे लिहिलंच गेलेलं नसतं, नाहीतर जुन्यावर लिहून जुनं पुसलेलं असतं. कुठल्याही प्रयोगशाळेत नेलं तरी जे चिपवर नाहीच ते निघणार नाही. हे उत्तर शक्य तितक्या सौम्यपणे देऊन पाहिलंय. सौम्यपणाने त्यात काडीचा फरक पडत नाही.

म्हणून तपासा. कार्ड हातात आल्या दिवशी, त्यावर स्वतःचं काही टाकायच्या आधी. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३. दोन्ही तपासणीचे प्रोग्राम, दोन्ही फुकट. दोन्हींचं तत्त्व एक: रिकामं कार्ड ओळखता येईल अशा डेटाने काठोकाठ भरायचं आणि मग सगळं परत वाचून जुळतंय का पाहायचं. एक-दोन जीबी लिहून थांबलात तर चाचणी केलीच नाही असं समजा. बनावट कार्ड तेवढ्यात नेहमीच उत्तीर्ण होतं. लिहून झालं की कार्ड काढून पुन्हा घाला आणि मग पडताळणी चालवा, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला डेटा कार्डातला म्हणून वाचला जाणार नाही. वेळ किती? ५१२ जीबी सरासरी ६० मेगाबाइट प्रतिसेकंदाने लिहायला साधारण अडीच तास, ९० ने वाचायला दीडेक तास. रीडर जुना यूएसबी २.० चा असेल तर लिहिणं-वाचणं मिळून नऊ-दहा तास. रात्री लावून झोपा.

एक जरी चूक निघाली तरी कार्ड परत करा. पडद्याचं चित्र काढून ठेवा, ते वाद घालताना उपयोगी पडतं. एफ३ बरोबर असं साधन येतं की जे बनावट कार्डाची मांडणी त्याच्या खऱ्या क्षमतेपुरती आखून देतं. तसं करून कार्ड वापरावं का, असंही विचारतात. माझ्या मते नको. ज्याने क्षमतेबाबत लबाडी केली त्याने आत चिप कुठली घातली असेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

छपाई, अक्षरांची जाडी, पाकिटाचा रंग यावरून ओळखण्याच्या युक्त्या फिरत असतात. मी त्यांच्या भरीस पडत नाही. छपाई नक्कल करणाऱ्यालाही सुधारता येते. लिनक्सच्या संगणकाला थेट स्लॉट असेल तर कार्डाची आतली ओळख वाचता येते: निर्मात्याचा क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि वर्ष. सॅनडिस्कचा क्रमांक ०३, सॅमसंगचा १बी. तो जुळला नाही तर संशय पक्का. जुळला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण हेही खोटं लिहिता येतं. मानकाच्या मर्यादा मात्र कुणाला वाकवता येत नाहीत. हल्लीची मोठी कार्डं बहुतेक ज्या एसडीएक्ससी प्रकारात मोडतात त्याची कमाल २ टीबी आहे, आणि १ टीबीची पहिली मायक्रोएसडी कार्डं फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाली. तेव्हा कुणी १६ टीबीचं मायक्रोएसडी विकत असेल तर चाचणीचेही कष्ट घेऊ नका.

आता कार्डावरच्या खुणा. "२०० एमबी" असं ठळक छापलेलं असतं तो वाचण्याचा वेग, तोही बहुधा त्या कंपनीच्याच खास रीडरमध्ये. अशा कार्डावर बहुधा यूएचएस-१ ही जोडणीची खूण असते, आणि त्या जोडणीची मर्यादा १०४ मेगाबाइट प्रतिसेकंद आहे. तुमच्या फोनच्या किंवा कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये त्याहून जास्त मिळणार नाही. कामाचा आकडा तो बारीक: व्ही३० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, व्ही६० म्हणजे ६०. यू३ म्हणजेही ३०. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला बिटरेट (चित्रण सेकंदाला किती मेगाबिट घेतं तो आकडा) घ्या, आठाने भागा. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. व्ही३० ला हे सहज झेपतं. ४०० मेगाबिटचं चित्रण असेल तर ५० होतात, तिथे व्ही६० शिवाय गत्यंतर नाही.

ए१, ए२ या खुणा वेगळ्या. फोनवरची ॲप, हातातले गेमिंग संच किंवा रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक बारीकसारीक तुकडे इकडेतिकडे लिहीत-वाचत असतात, त्यांच्यासाठी. ए१ ला सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ ला ४००० आणि २०००. ए२ साठी समोरच्या यंत्राचीही साथ लागते; ती नसेल तर जादा पैसे वाया. आणि २०२५ चा निन्टेन्डो स्विच २ घेतला असेल तर त्या गेमिंग संचाला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस या वेगळ्या प्रकारचंच कार्ड लागतं. साधं कार्ड कितीही भारी असलं तरी तिथे निरुपयोगी.

गाडीतला किंवा घरावरचा कॅमेरा हा स्वतंत्र मामला. तो अहोरात्र लिहितो आणि जागा संपली की जुनं पुसतो. १५ मेगाबिटचं चित्रण म्हणजे तासाला पावणेसात जीबी, दिवसाला १६२. ६४ चं कार्ड दिवसातून अडीच वेळा पूर्ण भरतं. फ्लॅशचे कप्पे ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येतात, म्हणून असल्या कामाला "एन्ड्युरन्स" लिहिलेलंच कार्ड घ्यावं. साध्या कार्डांच्या वॉरंटीत हा वापर अनेकदा स्पष्टपणे वगळलेला असतो. बारीक अक्षरं वाचा. पाकिटावरचे हजारो तास कुठल्या बिटरेटला मोजलेत तेही पाहा; तुमचा बिटरेट दुप्पट असेल तर तास निम्मे. आणि मेमरी कार्डाला हार्ड डिस्कसारखी स्वतःची तब्येत सांगायची सवय नसते. झिजलेलं कार्ड बऱ्याचदा नवं काही लिहून घ्यायचं बंद करतं, पुसलेली फाइल पुन्हा हजर होते, फॉरमॅट होऊनही होत नाही. तेव्हा जे वाचता येतंय ते लगेच उतरवून घ्यायचं.

अँड्रॉइड ६ पासून कार्ड फोनची आतली जागा म्हणून जोडायची सोय आली. काही फोनांत ती दिसते. घेण्याआधी एवढं ध्यानात ठेवा की असं कार्ड त्या फोनपुरतं कुलूपबंद होतं. फोन मेला तर कार्ड शाबूत असूनही दुसरीकडे वाचता येणार नाही.

राहिला तो वाद: एक मोठं की दोन लहान? पूर्वी मी बेधडक "मोठंच घ्या" म्हणायचो, आणि त्यामागचं कारण आजही खोटं नाही. आधी सांगितलेल्या अहोरात्र लिहिणाऱ्या कॅमेऱ्यात ६४ ऐवजी २५६ घातलं तर तोच डेटा चौपट कप्प्यांवर पसरतो, प्रत्येक कप्पा कमी झिजतो. पण प्रवासात चित्रण करणाऱ्याचं एकुलतं ५१२ हरवलं किंवा मोडलं तर सगळंच जातं. दोन २५६ असती तर निम्मं तरी हाती राहिलं असतं. त्यावर माझ्यातलाच जुना माणूस म्हणतो, कार्डं अदलाबदल करतानाच तर ती हरवतात, आणि मायक्रोएसडी आहे केवढं, १५ बाय ११ मिलिमीटर! त्याचंही खरं आहे. स्लॉट एकच आणि यंत्र बंदिस्त असेल तर मोठं, रोज उतरवून घेणार असाल तर दोन, इतपत मी आज म्हणेन. यावर कुणी भांडायला आलं तर माझ्याकडे निर्णायक असं काही नाही. दोन घेतलीत तर मात्र चाचणी दोन्हींची करा. एकाच पाकिटातून आली म्हणून एकाच्या निकालावर दुसऱ्याला सोडून देऊ नका.