माहेरच्या नदीला भेटायला, सायकलवरून

बडोद्याला नदी आहे हे आम्हा दांडिया बाजारातल्या पोरांना पूर आला की कळायचं. एरवी विश्वामित्री म्हणजे स्टेशनला जाताना काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या अलीकडे रिक्षातून दोन सेकंद दिसणारा झाडाझुडपांचा हिरवा खड्डा. आई नाकाला पदर लावायची, रिक्षा पूल ओलांडायची, संपलं. आता पुण्यात राहून मुळा-मुठेचे हाल रोज बघते, तेव्हा दुसऱ्यांच्या नदीबद्दल बोलायचं तोंड मला नाही. पण ही दुसऱ्यांची नाही, माहेरची आहे.

जानेवारीत दादाकडे आठ दिवस होते. "आत्या, तू माहेरी येऊन नुसती झोपतेस," म्हणत भाचीने मोबाइलवरून एक सायकल-सफर ठरवून टाकली. सोबत गाईड, नाश्ता आपल्या खर्चाने, सोळा-सतरा किलोमीटर. जन्म ज्या गावात गेला तिथे गाईड कशाला, असं म्हणून मी तोंड वाकडं केलं खरं, पण पैसे भरून झाले होते. सकाळी निघायच्या वेळी भाची मात्र पांघरुणातून बाहेर आली नाही.

सातला कमाटी बागेच्या दरवाज्याशी जमलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. सहा जण होतो. गाईड म्हणजे विद्यापीठात कलेचा इतिहास शिकणारा एक सडपातळ पोरगा, कानटोपी घातलेला. त्याने मला "बेन, सीट ऊंची छे?" विचारलं, मी गुजरातीत उत्तर दिलं, पण नाव लिहून घेताना त्याने मान वर केली. "मराठी? दांडिया बाजार के रावपुरा?" बडोद्यातल्या मराठी माणसाचा पत्ता दोनच पर्यायांत संपतो असा यांचा समज असतो, आणि तो फारसा चूक नसतो. तिथून पुढे मी त्याची ताई झाले.

बाग १८७९ ची, सयाजीराव महाराजांनी केलेली. नदी या बागेतूनच वाहते, हे मला त्या दिवशी 'दिसलं'. लहानपणी इथे यायचो ते फुलांचं घड्याळ, छोटी आगगाडी आणि म्युझियमसाठी. म्युझियममध्ये इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा. त्या सांगाड्याखालून पळत जायची शर्यत लावल्याबद्दल मी पहारेकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

बागेत एका झाडापाशी गाईड थांबला आणि आवाज खाली आणून बोलला. १९१३ साली याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये कराराप्रमाणे नोकरीला परतले, तर शहरात राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची, मधले तास काढायचे कुठे, म्हणून ते येऊन बसले ते या कमाटी बागेत. याच परिसराला आता संकल्पभूमी म्हणतात. आमच्या वर्गात सयाजीरावांवर निबंध दरवर्षी असायचा. १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण, १९०६ ला साऱ्या राज्यात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण ज्या बागेत आम्ही भेळ खायला यायचो, तिथे कोण कशासाठी बसलं होतं हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. शिष्यवृत्ती देणारं गाव आणि खोली नाकारणारं गाव एकच होतं. निबंधात त्यातलं पहिलंच यायचं.

बाहेर आलो आणि पुलावर सायकली लावून सगळे कठड्याला लोंबकळलो. मगर बघायला, दुसरं काय! विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते आणि भर शहरातून वाहताना तिच्यात मगरी राहतात. पिंजऱ्यातल्या नव्हे, मोकळ्या. खाली धुक्याशिवाय काही नव्हतं. "ताई, एनुं लोही ठंडुं," गाईड म्हणाला. मगर थंड रक्ताची, अंगाला ऊन लागल्याशिवाय ती हलत नाही, नऊनंतर बघू. मुंबईच्या दोघांनी मगर म्हणजे हे लोक पर्यटकांना सांगतात ती गोष्ट, असा चेहरा केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हे इथे असते तर बरं झालं असतं. वहिनीचं माहेर समा भागात. त्या पुरात तळमजला पाण्याखाली गेला, माणसं वर चढून बसली, आणि पाणी ओसरल्यावर गल्लीत आधी वनखात्याची माणसं काठ्या घेऊन फिरली, मग घरची माणसं खाली उतरली.

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याचं हे स्मारक सयाजीरावांनीच आपल्या कारकिर्दीच्या शेवटाला बांधवून घेतलं. आत भिंतींवर नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. कॉलेजात असताना पाहिली होती, त्यातलं गंगावतरण अजून डोळ्यांसमोर आहे. गंगेचं एवढं कौतुक आत आणि विश्वामित्री दाराबाहेर. त्या सकाळी दरवाजा बंद होता, त्यामुळे हे टोमणे मनातल्या मनात.

कोठीवरून रावपुऱ्यात शिरलो आणि सायकलीचं महत्त्व कळलं. चालत गेलं तर पाय दुखतात, स्कूटरवरून गेलं तर काही दिसत नाही. सायकलीवर तुम्ही बरोबर ओटल्यांच्या उंचीवर असता. दात घासणारे आजोबा, दुधाच्या पिशव्या मोजणारा पोरगा, दारावरची 'श्री गजानन प्रसन्न' अशी मराठी पाटी आणि खाली गुजरातीत लिहिलेलं दवाखान्याचं वेळापत्रक. एका खिडकीतून चहाबरोबर "अगं, गॅस बंद केलास का?" ऐकू आलं. मी जवळजवळ उतरलेच होते.

तांबेकर वाडा मी आयुष्यात पहिल्यांदा आतून पाहिला. घरापासून दहा मिनिटांवर! भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. लाकडी जिना इतका अरुंद की पाऊल आडवं टाकावं लागतं. वर गेलो आणि गाईडने फक्त टॉर्च भिंतीवर धरला. कृष्णलीला, पुराणातल्या कथा, मराठे आणि इंग्रजांची लढाई. एका कोपऱ्यात रंग उडून गेरूच्या खालचा पांढरा गिलावा दिसत होता, आणि त्या पांढऱ्यात एका घोड्याचे फक्त चार पाय उरले होते. स्वार गेला, घोडा गेला, पाय अजून दौडतायत. त्या पायांपाशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे, सुरतेचं जोडपं खाली जाऊन फोटो काढून परत वर आलं.

सुरसागरला वळसा घातला. मधला उंच शंकर मला अजून नवाच वाटतो, कारण माझ्या लहानपणी तळ्यात नुसतं पाणी होतं. न्यायमंदिराच्या इमारतीची मात्र गंमत आहे. १८९६ च्या सुमाराची ही देखणी वास्तू भाजी मंडईसाठी बांधली होती म्हणे. भाजी कधी बसलीच नाही, न्यायाधीश बसले. भाजीवाल्या मावश्या त्याच्या आजूबाजूला बसून आजही आपला हक्क सांगत असतात.

लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे निघालो, तिथे माझी चेन पडली. मांडवी म्हणजे जुन्या शहराचा मध्य. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाज्यांचे रस्ते इथे भेटतात, आणि सकाळी नऊ वाजता चारी दिशांचे हॉर्नही. भाड्याने दिलेल्या सायकलीची चेन सैल होती, हे मी निघतानाच सांगितलं होतं. तेव्हा "चालसे, बेन" असं उत्तर मिळालं होतं. गाईड पुढे निघून गेलेला. एका बोहारणीने टोपलं खाली ठेवलं, माझ्याकडे बघून "चेन फसाई गई" म्हणाली आणि स्वतःच चेन काडीने उचलून दात्यावर बसवली. काडी तिच्या टोपल्यातलीच. मी पेडल उलटं फिरवलं, खट्ट आवाज झाला, चेन लागली. तोवर माझी सलवार पोटरीपर्यंत काळी झाली होती.

मग सेव उसळ. पुणेकरांनी हिला मिसळ म्हणू नये आणि बडोदेकरांनी मिसळीला सेव उसळ म्हणू नये, एवढं पाळलं तर दोन्ही शहरं सुखाने नांदतील. पांढरे वाटाणे, वर लाल तरी, मूठभर जाड शेव, हिरव्या पातीचा कांदा आणि पाव. तरी पुन्हा मागितली तर द्यायचीच असा इथला कायदा. मुंबईच्या दोघांचे डोळे वाहायला लागले तेव्हा मला माहेरचा अभिमान वाटला.

राजवाड्याशी आम्ही फक्त थांबलो. लक्ष्मीविलासला अर्धा दिवस द्यावा, घाईत बघू नये. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. इथलं काम चालू असतानाच १८८१ मध्ये तो गेला आणि रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने १८९० मध्ये ते पुरं केलं. आपलं गणित चुकलंय, वाडा कोसळणार, या धास्तीने मँटने जीव दिला अशी दंतकथा गाईडने रंगवून सांगितली. वाडा सव्वाशेहून अधिक वर्षं उभा आहे.

शेवटचा टप्पा अकोट्याचा पूल. इथे पोरगा पुन्हा गंभीर झाला. नदीपलीकडचं अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. मूळ गाव ते. राष्ट्रकूट कर्काच्या इ.स. ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक हे अंकोट्टकाला जोडलेलं एक खेडं आहे, आणि त्या खेड्याचंच पुढे बडोदा झालं. पुरांना कंटाळून वस्ती पूर्वेच्या उंचवट्यावर सरकली असं सांगतात. १९५१ मध्ये अकोट्यात जमिनीखाली जैन कांस्यमूर्तींचा साठा सापडला, अडुसष्ट वस्तू. त्या बडोद्याच्या म्युझियममध्येच आहेत. म्हणजे देवमाशाकडे पळत जाताना मी दरवेळी त्यांना ओलांडून गेले असणार. नदीकडे पाठ फिरवायची खोड आमच्या पिढीची नाही, हजार-बाराशे वर्षं जुनी आहे, एवढाच काय तो दिलासा.

"ताई, जुओ." त्याने बोट दाखवलं तिथे मला चिखल दिसला. चिखलात ओंडका. मग ओंडक्याला जबडा दिसला, सताड उघडा, आत फिकट पिवळं. काहीच करत नव्हती ती. ऊन खात होती. शेजारी बगळा उभा, त्याला काडीची फिकीर नाही. वर शंभर गाड्या जात होत्या आणि खाली तिच्या पाठीवरचे खवले एकेक सुकून राखाडी होत होते. ओल्या आणि सुकलेल्या खवल्यांमधली रेघ शेपटीकडे सरकत होती. मुंबईचे दोघे गप्प.

मला आपलं वाटतं, या काठांवर अजून झाडी आहे, कुणी टाइल्स बसवून दिवे लावले नाहीत, याचं श्रेय हिलाच. माणसं हिला घाबरतात म्हणून नदीला थोडी जागा उरली.

साडेदहाला घरी पोचले. वहिनीने आधी सलवार पाहिली आणि न बोलता खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. दादा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दिसली का मगर?"

"दिसली."

"केवढी?"

मी ओसरीवरच्या सतरंजीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.