पेटीवरचा चुकलेला त्रिकोण

जुन्या लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीत माझा अर्धा वेळ आधीच्या दुरुस्त्या काढण्यात जातो. मागच्या महिन्यात आलेली पेटीही तशीच. चंदनाची, उघडली की लिहिण्यासाठी उतार तयार होणारी, चारही कडांना सादेलीची, म्हणजे बारीक तुकड्यांच्या जडावाच्या नक्षीची पट्टी. एका कोपऱ्यात दोन बोटं पट्टी उडालेली. तिथे कुणीतरी लांबी भरून वर ऑइलपेंटने चांदण्या काढल्या होत्या, आणि उरलेल्या पट्टीवरून पॉलिश पेपर फिरवला होता. याची मला मनापासून चीड येते. सादेलीतला चमकणारा भाग लोकांना चांदी वाटतो, पण ते असतं कथील. घासलं की त्याची करडी भुकटी शेजारच्या हस्तिदंतात शिरते आणि पांढरा रंग मळून जातो. तिथे धारदार पत्तीने हलक्या हाताने खरवडावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर हातच लावू नये.

हे काम इराणमधल्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि 19व्या शतकात मुंबईत आलं, असं सांगतात. बाजारात या पेट्यांना अजून ‘बॉम्बे बॉक्स’च म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, एकेक त्रिकोण चिकटवला असेल. तसं नाही. हस्तिदंत, हिरवा रंगवलेला हस्तिदंत, काळं आबनूस, पतंग नावाच्या झाडाचं लाकूड आणि कथील यांच्या तिकोनी काड्या करायच्या, सरसाने जोडून त्यांची जुडी बांधायची आणि अळूवडीचा उंडा कापावा तशी ती आडवी कापायची. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी. सगळी मेहनत काड्यांत: एक जरी जाड निघाली तरी जुडी मिटत नाही, फट राहते.

लांबी काढली, सरसाचे जुने थर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवले आणि शेजारची चांदणी भिंगाखाली घेतली. सहा टोकांपैकी पाच काळी, एक हिरवं. वाटलं, हीसुद्धा कुणाची तरी दुरुस्ती. पण पुढच्या चांदणीतही तेच, त्याच जागी. त्या बाजूच्या अकराच्या अकरा चांदण्यांत. उरलेल्या तीन बाजूंची जुडी वेगळी होती, तिथे सहाही टोकं काळी. म्हणजे जुडी बांधताना कारागिराने आबनूसाच्या जागी एक हिरवी काडी ठेवली आणि ती चूक कापत कापत संपूर्ण बाजूभर गेली.

मालक फोनवर म्हणाले, “आता करताच आहात तर बरोबर करा ना, ताई.” आमचे दादाही म्हणाले, “गिऱ्हाइकाचं ऐक.” मी मालकांना भिंगातून काढलेले फोटो पाठवले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

1972चा वन्यजीव कायदा आणि त्यातली 1991ची दुरुस्ती यांमुळे हस्तिदंत वापरण्याचा प्रश्नच नव्हता. उंटाच्या हाडाच्या काड्या केल्या, काही हिरव्या रंगवल्या. सहाव्या टोकाला जाणूनबुजून हिरवी काडी ठेवली. बसवलेला तुकडा इतका मिसळला की दादांनाही सापडेना.

आता तेच मला टोचतंय. नवा भाग जवळून ओळखू यावा, हा आमच्या कामातला पहिला धडा. आणि मी तर चूकसुद्धा नकलून टाकली. तुकड्याच्या पाठीवर तारीख कोरली आहे, नोंदवहीत सगळं लिहिलं आहे, पण तो तुकडा उचकटल्याशिवाय ती तारीख कुणाला दिसणार? उरलेली जुडी माझ्या खणात आहे. कुठूनही कापली तरी ते हिरवं टोक तिथेच निघतं.